खुर्चीवरून पाटावर

वहिनी, सगळ्यात आधी माफी मागतो. तुझ्याबद्दल लिहिण्याचा हक्क मला कोणी दिलेला नाही. लिहायचं तर भाऊने लिहायला हवं. पण भाऊला बिलावर सही करण्यापलीकडे लिहिण्याची सवय नाही. तुझ्या माहेरची माणसं फैजपूरहून आली, फोटोसमोर बसली, हात जोडले आणि शेवटची एसटी चुकू नये म्हणून उठली. राहिलो मी. आपल्या घरातून कॉलेजात गेलेला पहिला माणूस, म्हणून मला लिहिता येतं असं सगळे धरून चालतात. नानांनी निरोप पाठवलाय की गावाच्या मंडळाला पुस्तिका छापायची आहे, विजूने मातेचं चरित्र लिहून द्यावं.

ते मी लिहिणार नाही. त्याऐवजी हे लिहितोय. बरोबर जमेल की नाही, माहीत नाही.

आणखी एक. घरात मी तुला तूच म्हणायचो, आपल्याकडे सगळेच म्हणतात. शेवटची दोन वर्षं गाव तुला 'तुम्ही' म्हणायला लागलं, माझी मायसुद्धा. मला ते कधी जमलं नाही. इथेही तूच लिहितो.

तू आपल्या घरात आलीस तेव्हा मी आठवीत होतो. तुझं माहेर केळीच्या मुलखातलं, आपलं गाव पाचोऱ्याकडचं. तुझी बोली ऐकून गल्लीतल्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. तू 'मले' म्हणायचीस, आम्ही 'माले'. एवढ्यावरून तुला परकी ठरवलेलं. पुढे मतं मागायला दारोदार फिरलीस तेव्हा तू इतकी अस्सल अहिराणी बोललीस की त्याच बाया म्हणाल्या, ही तर आपलीच पोर दिसते.

पण मला तुझा पहिला श्रावण आठवतो. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरात कानबाई देवी बसायची होती. आदल्या दिवशी माय सूप घेऊन रोटाचे गहू काढत होती. आपल्या भाऊबंदकीतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने मूठ घ्यायची आणि त्याच गव्हाच्या पिठाचे नैवेद्याचे रोट करायचे, हा आपला रिवाज. माय पुटपुटत मुठी टाकत होती. हाई भाऊनी, हाई विजूनी, हाई नानानी. चुलत घरात पाळण्यात एक पोरगं होतं, त्याचीही मूठ पडली. तू समोर बसून खडे निवडत होतीस. सगळ्या मुठी संपल्यावर तू विचारलंस, "माय, आणि मनी मूठ?"

मायला वाटलं तू गंमत करतेस. "बाईनी मूठ ऱ्हास का? बाईना हात रोट थापाले."

"पण कानबाई तर बाईच शे ना?"

शेजारच्या अक्का खो खो हसल्या. मायही हसली. तू हसली नाहीस. खडे निवडत राहिलीस, पण फार जोरात, गहू सुपाबाहेर उडत होते. मला तेव्हा वाटलं की नवीन सून आहे, राग आला असेल, जाईल. तो राग नव्हता हे मला आता कळतं. तू हिशोबात कुठेच नाहीस, हे तुला त्या दिवशी पहिल्यांदा कोणी तोंडावर सांगितलं होतं.

मग सरपंचपद महिलेसाठी राखीव निघालं. नाना म्हणजे आबांचे, आमच्या वडिलांचे, चुलतभाऊ, कितीतरी वर्षं गावाचे सरपंच. त्यांना घरातलीच बाई पाहिजे होती. त्यांची सून शाळा न शिकलेली. म्हणून ते आपल्या ओट्यावर आले. चार माणसं सोबत. भाऊ त्यांच्या समोर उभाच होता, बसला नाही.

"वैशाली बारावी शिकेल शे," नाना म्हणाले. "सही करता येस. बस झालं."

तू आतून चहा घेऊन आलीस. "नाना, सही सोडून आणखी बी काही येस माले."

"ऐका!" नाना सगळ्यांकडे बघत म्हणाले, "चहा बी येस!"

सगळे हसले. तू सगळ्यांना चहा दिलास, नानांना शेवटी. आणि निवडून आलीस.

पहिल्या दिवशी मी शाळा बुडवून ग्रामपंचायतीत आलो होतो. इस्त्रीची साडी, खांद्याला पर्स, पायात नव्या चपला. भाऊ पुढे, तू मागे. लोक भाऊलाच 'या सरपंच साहेब' म्हणाले आणि भाऊ बिचारा सवयीने, कोणी बस म्हटलं की बसायचं या सवयीने, जाऊन मोठ्या खुर्चीवर बसला.

"ऊठ," तू म्हणालीस.

"हाई दुसरी खुर्ची शे ना. बठ."

"माले हीच जोयजे."

भाऊ हसत उठला. शिपायाने खुर्ची फडक्याने पुसली आणि तू बसलीस. मी दारातून बघत होतो. वहिनी, माणसाचा चेहरा भरलेला दिसतो म्हणजे काय, ते मी त्या दिवशी पाहिलं. लग्नातल्या फोटोतही तुझा चेहरा तसा नाही.

भाऊ तो किस्सा दुकानात सगळ्यांना रंगवून सांगायचा. त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान पाचोऱ्यात, येणारी गिऱ्हाइकं शेतकरी, त्यांना मजा वाटायची. "मना घरमा माले उठाडनं," असं सांगून स्वतःच हसायचा. पुढे पुढे सांगायचं बंद केलं. बहुतेक कोणीतरी त्याला म्हणालं असेल, यात हसण्यासारखं काय आहे रे.

मला कॉलेजात पाठवलंस तू. बारावी झाल्यावर भाऊला मी दुकानात पाहिजे होतो आणि त्याचं काही चूक नव्हतं. तू त्याला म्हणालीस, "तार गुंडाळायला घरात एक माणूस पुरे शे." मग मला घेऊन तू स्वतः जळगावला आलीस. खिडकीतल्या क्लार्कने "पालक कोण?" विचारलं तर म्हणालीस, "मी. सरपंच." तो क्लार्क जरा सरळ बसला. ते बघून परत येताना तू बसमध्ये एकटीच हसत होतीस.

त्या बसमध्ये आपलं पहिलं भांडण झालं. मी नुकताच शिकायला निघालेला, निबंधातली वाक्यं तोंडात. म्हणालो, "वहिनी, तू किती समाजसेवा करतेस."

"कसली सेवा?" तू म्हणालीस. "माले आवडस, विजू. मी बोलते आणि ग्रामसेवक लिहून घेतो, ते माले आवडस. आधी पंचायत समिती, मंग झेडपी. तिथल्या दारावर मना नावनी पाटी."

मला लाज वाटली. आजूबाजूला माणसं होती. हळूच म्हणालो, "असं म्हणू नये. लोकांसाठी करते, असं म्हणायचं."

"नाना इतली वरसं बठनात. त्यांले कोनी विचारं का, कसाले बठतस? माले खुर्ची जोयजे म्हणून मी चांगलं काम करसू. आणखी काय पाहिजे तुमच्या लोकांले?"

पुढे कॉलेजात महत्त्वाकांक्षा या विषयावर मी एक निबंध लिहिला, सरांनी वर्गात वाचूनही दाखवला. त्यात तुझ्या त्या दोन वाक्यांएवढं खरं काही नव्हतं.

ते भांडण राहून गेलं. तुला खुर्ची हवी होती, यात मला काय एवढं खुपलं, ते मी अजून शोधतो आहे. भाऊला दुकान हवं होतं. मला डिग्री हवी आहे. आम्हाला हवं असलं की ते कष्ट, तुला हवं असलं की ती हाव.

मग पाण्याचं झालं. वरच्या गल्लीत रोज पाणी, खालच्या भिल्ल वस्तीत आठवड्याने कधीतरी, तेही अर्धा हंडा. तू म्हणालीस, पाळी सारखी करा. एवढंच. वरच्या गल्लीत नानांचं घर आणि आपलंही. माय म्हणाली, "घरमा पानी कमी करनारी सरपंच पहिलांदा दखी." तू तरी ठराव मांडलास. ग्रामसभेत तू उभी राहून बोलत होतीस आणि माणसं तंबाखू मळत एकमेकांशी बोलत होती. कोणी विरोधही केला नाही. विरोध केला असता तर तुला चाललं असतं, तुला भांडता येत होतं. त्यांनी ऐकलंच नाही.

काही महिन्यांनी अविश्वास ठराव आला. सह्या करणाऱ्यांत महिला सदस्यही होत्या, नवऱ्यांनी सांगितलं तिथे अंगठा टेकवून गेल्या. मी भाऊला फोनवर म्हणालो, तू तरी नानांशी बोल. भाऊ म्हणाला, "मी काय बोलू? नाना घरनाच शेतस." तू त्याच्या शेजारी होतीस. तुझा आवाज आला मला. "आणि मी?"

ठराव पास झाला, खुर्ची गेली. त्यानंतर मी सुट्टीत आलो की तू सकाळी इस्त्रीची साडी नेसून, पर्स घेऊन ओट्यावर उभी दिसायचीस. कुठे जायचं नसायचं. जाणाऱ्या-येणाऱ्याला विचारायचीस, "ग्रामपंचायत उघडली का?" पोरं तुझी नक्कल करायला लागली. पोळ्या लाटताना तू भाषण करायचीस, तव्याकडे बघून, "सभापती महोदय" म्हणून. पोळी जळायची. माय ओरडायची. तू जेवत कमी होतीस, झोपत नव्हतीस आणि बोलत फार होतीस, एक सोडून दुसरं, दुसरं सोडून तिसरं. मी तोपर्यंत मानसशास्त्राचा पेपर घेतला होता. पुस्तकातलं पान समोर उभं असल्यासारखं दिसत होतं. भाऊला म्हणालो, धुळ्याला डॉक्टर आहेत डोक्याचे, घेऊन जाऊ. भाऊ म्हणाला, "डोक्याचे? गाव काय म्हनी?"

गाव काय म्हणालं, ते श्रावणात कळलं.

सोमवारी सकाळी कानबाई नदीवर न्यायची होती. पाटावर नारळाची कानबाई, नथ घातलेली, गजरे माळलेली. बाया फुगड्या घालत होत्या, डफ वाजत होता. तू भिंतीला टेकून उभी होतीस. अचानक तू मध्ये आलीस, केस सुटले, अंगभर थरथर, आणि तुझ्या तोंडून असा आवाज आला की डफवाल्याचा हात थांबला.

"खालनी गल्ली तहानी शे! मनी लेकरे तहानी शेतस नी तुम्ही माले नाचाडतस?"

कोणीतरी ओरडलं, "कानबाई! कानबाई ऊनी!" बाया पायावर पडायला लागल्या. माय थाळी घेऊन धावली. आणि वहिनी, नाना पुढे आले. ज्यांनी तुझ्यावर अविश्वास आणला ते नाना. टोपी काढून त्यांनी तुझ्या पायावर डोकं ठेवलं. "मातोश्री, चुकनं. आजच पानी सोडतस."

तू म्हणालीस, "पुढल्या वर्षी बाईना नावनी मूठ टाका. प्रत्येक बाईनी."

"टाकसूत, माय," माझी माय रडत म्हणाली.

त्याच दिवशी खालच्या गल्लीत पाणी आलं. सारखं. तेच वाक्य तू खुर्चीवर बसून बोललीस तेव्हा माणसं तंबाखू मळत होती.

त्या दुपारी तू ओसरीत बसून चहा पीत होतीस, दमलेली. मी जवळ बसलो. विचारलं, "वहिनी, खरं सांग. खरंच अंगात आलं होतं?"

तू कप खाली ठेवून माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं, आता डोळा मारशील. किंवा रडशील. तू म्हणालीस, "पानी आलं ना?"

याचा अर्थ मी अजून लावतोय. तू ठरवून केलंस, असं कधी वाटतं. तू आजारी होतीस आणि तुझ्या आजारालाही काय बोलायचं ते बरोबर माहीत होतं, असंही वाटतं. कदाचित या दोन गोष्टी वेगळ्या नसतील. माझ्या पुस्तकात त्या वेगवेगळ्या धड्यांत आहेत.

पुढे मंगळवारी लोक यायला लागले. भडगावहून, चाळीसगावहून, नंतर पार मालेगावकडून. ओसरीत पाट मांडला गेला आणि तुला त्यावर बसवलं. कोणाची म्हैस हरवली, कोणाच्या मुलीचं जमत नाही. घरात नारळांचा ढीग. मायला गल्लीत मान आला. नाना येणाऱ्यांना स्वतः पाणी विचारायचे. मी एकदा चिडून म्हणालो, "नाना, सरपंच होती तेव्हा हिच्यापुढे तुम्ही बसून बोलायचे." नाना शांतपणे म्हणाले, "तव्हय ती सून व्हती."

मी भांडून, रडून, शेवटी भाऊला धुळ्याला यायला लावलं. तू त्या डॉक्टरांशी इतकं नीट बोललीस की ते मला म्हणाले, तुमच्या वहिनी हुशार आहेत. आजाराचं नाव त्यांनी समजावून सांगितलं. गोळ्या दिल्या आणि म्हणाले, बऱ्या होतील, पण थांबवू नका. परत येताना तू खिडकीशी झोपलीस. किती दिवसांनी झोपत होतीस. भाऊ तुझं डोकं खांद्यावर घेऊन पारोळ्यापर्यंत हलला नाही. तो वाईट माणूस नाही, हे मला लिहायचं आहे. तसं असतं तर मला सोपं गेलं असतं.

गोळ्यांनी तू झोपायला लागलीस. जेवायला लागलीस, गाल भरले. बोलणं कमी झालं. मंगळवारी लोक आले, तू आत बसून राहिलीस आणि लोक परत गेले. माय म्हणाली, दवाखान्याने देवी घालवली. मी सुट्टीत आलो तेव्हा तू भाजी निवडत होतीस. मी खूश होतो. तुला विचारलं, कसं वाटतं?

"बरं वाटस," तू म्हणालीस. मग थोड्या वेळाने, "काल मी नानाले म्हटलं, खालच्या गल्लीत परत पानी कमी व्हयनं. नाना म्हणे, तू घरमा दख."

तू निवडलेली भाजी बाजूला सारलीस.

"गोळ्या घेतल्यावर मी कोन शे, विजू? कोनीच नही."

"तू बरी आहेस, वहिनी. आधी आजारी होतीस."

"आणि त्याच्याबी आधी? बरी व्हतू ना मी? तव्हय ऐकं का कोनी?"

तेवढ्यात मायने तुला आतून हाक मारली. तू सूप उचललंस आणि गेलीस. दुसऱ्या दिवशी मला जळगावला निघायचं होतं. तुझ्या प्रश्नाला उत्तर द्यायला वेळ मिळाला असता तरी मी काय दिलं असतं? खोटं सांगितलं असतं की ऐकतील. तू ओळखलं असतंस.

तू गोळ्या बंद केल्यास. मी तुझ्यावर रागावलोय, वहिनी. हे चरित्रात बसत नाही, पण खरं आहे. शिक्षण संपवून तुला घेऊन जळगावला राहायचं, तुला पुढे शिकवायचं, असं काहीबाही मी मनात मांडलं होतं. तुला वाट बघता आली नाही. पण वाट बघ म्हणणाऱ्याला काय जातं? तू गोळी घ्यायचीस त्या दिवशी तू भाजी निवडणारी सून होतीस. घ्यायची नाहीस त्या दिवशी तालुका तुझ्यापुढे वाकायचा. तुझ्या जागी नाना असते तर त्यांनी काय निवडलं असतं?

मग उपास सुरू झाले. देवी जितकं कमी खाते तितकी कडक, असं लोक म्हणायला लागले आणि गर्दी वाढली. तू वाळत गेलीस. दिवाळीत तुला बघून मी भाऊला घराबाहेर ओढून नेलं आणि ओरडलो. तो म्हणाला, तिला सांगून बघ, ऐकत नाही. मी सांगितलं. तू पाटावरून हसलीस आणि माझ्या कपाळाला अंगारा लावलास. सगळ्यांना लावत होतीस तसाच. मला वाटलं तू मला ओळखलं नाहीस. मग बोट उचलताना तू माझं नाक हळूच दाबलंस, आठवीत दाबायचीस तसं.

तू गेल्याचा फोन आला तेव्हा माझी परीक्षा चालू होती. मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. फोटोखाली तुझं नाव नव्हतं. 'कानबाई माता' असं होतं. शेवटी काय झालं, हे घरात कोणी नीट सांगत नव्हतं. माय म्हणायची, ज्योत विझते तशी गेली. नाना म्हणायचे, समाधी लागली. मी ते ऐकून परत आलो.

गेल्या आठवड्यात भाऊ तांब्याची तार घ्यायला जळगावला आला होता. माझ्या खोलीवर आला. जेवायला चल म्हटलं तर नको म्हणाला. खाली मान घालून बसला.

म्हणाला, तू गेलीस त्याच्या आदल्या दिवशी दुपारी तू पाटावरून उतरलीस. स्वतःच चालत चुलीपाशी गेलीस. तिथे गल्लीतल्या पाच-सहा बाया होत्या, माय होती, तो होता. तू म्हणालीस, माले भूक लागनी. भाकर द्या.

मी विचारलं, "मग?"

"मायने सांगं, आज उपास शे. देवी कोपी."

"आणि तू?"

भाऊने तारेचं भेंडोळं मांडीवर घेतलं, परत खाली ठेवलं.

"ती साध्या आवाजात बोलनी ना, विजू," तो म्हणाला. "देवीसारखी बोलती तर दिधी असती."